मेहुणा, मशीन आणि रोजचं दहा लिटर डिझेल

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातून चाळिशीच्या आतल्या वाचकाने लिहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून 2014 सालचा जुना बॅकहो लोडर (पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेलं मशीन) घेतला. शेततळी, पाइपलाइनचे चर, मुरूम भरणं अशी कामं असतात. मशीनवर ऑपरेटर म्हणून त्यांचा धाकटा मेहुणा आहे. आधी दिवसाला चाळीस लिटर डिझेल लागायचं, उन्हाळा लागल्यापासून ते पन्नास-बावन्नवर गेलं आहे. मित्र म्हणतात, मेहुणा डिझेल काढून विकतोय. म्हणून हे हल्ली सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून देतात. मेकॅनिक म्हणतो, पंप उतरवून कामाला पाठवावा लागेल. सकाळी मशीन पटकन सुरू होत नाही, हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढून वाटेत भरायचा छोटा पंप) मारावा लागतो. मशीनखाली कधीमधी डाग दिसतो, पण "एवढं जुन्या मशीनला चालतंच". इंजिनबद्दल काळजी नाही, कारण "दोन महिन्यांत ऑइल एकदाही टाकावं लागलं नाही, उलट गेजवर ते वरच्या खुणेच्याही वर आहे". मेहुणा मध्यंतरी म्हणाला होता की केबिनमध्ये डिझेलचा वास येतो. ती सबब असावी असं त्यांना वाटलं. आता घरात बायको नीट बोलत नाही. टाकीला कुलूप घालू, कॅमेरा लावू, मेहुण्याला काढू की पंपाचा खर्च करू, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर:

दादा, बाकी सगळं नंतर वाचा, आधी एक काम करा. उद्या सकाळी मशीनला सेल्फ मारू नका. मशीन सपाट जागेवर आहे ना ते पाहा, ऑइलची गेजपट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि परत काढून नीट बघा. ऑइल बोटांवर चोळा, वास घ्या. कागदावर त्याचा एक थेंब टाका आणि शेजारी डब्यातल्या नव्या ऑइलचा एक थेंब टाका. गेजवरचं ऑइल पाण्यासारखं पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल आणि कागदावर त्याच्याभोवती फिकट कडं लांबवर पसरत असेल, तर तुमचं थोडं डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये जातंय. ते जमिनीवर कधीच दिसणार नाही.

तुम्ही पत्रात जी गोष्ट समाधानाने लिहिली आहे, मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. चालत्या इंजिनात ऑइल हळूहळू थोडं कमी होतं, आपोआप वाढत नाही. वाढलं तर काहीतरी त्यात मिसळतंय: पाणी किंवा डिझेल. पाणी असेल तर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसतं. तसं नसेल तर बहुधा डिझेल. डिझेल मिसळलेलं ऑइल बेअरिंगला धरून राहत नाही. क्रँकच्या बेअरिंगा, टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट, सगळं त्या पातळ थराच्या भरवशावर फिरत राहतं. पातळी फार वाढली तर ब्रीदरवाटे, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेने, ऑइलची वाफ हवेच्या वाटेत खेचली जाऊ शकते. मग इंजिन त्याच ऑइलवर पळू लागतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. म्हणून म्हणतो, खात्री होईपर्यंत मशीन उभी ठेवा. दोन दिवसांचं भाडं बुडेल. अख्खं इंजिन बांधायला लागणाऱ्या खर्चापुढे ते काहीच नाही.

डिझेल आत जाण्याच्या वाटा मोजक्याच असतात. तुमच्या पत्रात इंजिनाचा नेमका प्रकार नाही, म्हणून तिन्ही सांगतो. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला, कॅमवर चालणारा डायफ्रामचा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) असेल तर आधी तो. आतला रबरी पडदा फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये उतरतं. हा पंप बदलायला स्वस्त आणि सोपा आहे. दुसरी वाट मुख्य इंजेक्शन पंपाच्या, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाच्या, शाफ्टच्या सीलची. ते सील गेलं की डिझेल टायमिंगच्या बाजूने ऑइलमध्ये जातं. तिसरी वाट नोझलची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीची: काही इंजिनांत नोझलची परतीची जोडणी व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असते, ती सैल झाली तरी तेच होतं. तेव्हा मेकॅनिक चुकतोय असं मी म्हणत नाही. पंपाचं सील खरंच गेलेलं असू शकतं. पण फीड पंप तपासला का, कव्हर उघडून पाहिलं का, हे त्याला विचारा. यातलं काहीच न बघता त्याने पंप उतरवायला सांगितला असेल, तर आधी बघायला सांगा. दोष सापडून दुरुस्त झाला की ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. काढलेलं ऑइल बांधावर ओतू नका, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

आता तुमच्या दहा लिटरकडे येतो. चेंबरमध्ये रोज दहा लिटर गेलं असतं तर दोनच दिवसांत ऑइल गेजच्या नळीतून वर आलं असतं. दोन महिन्यांत पातळी खुणेच्या थोडी वर गेली आहे, म्हणजे तिथे जाणारं डिझेल एकूण काही लिटरच असेल. ते इंजिनाला घातक आहे, पण तुमचा हिशेब त्याने जुळत नाही. मग उरलेलं कुठे?

इथे तुम्ही धरून चाललेली एक गोष्ट तपासू या. तुम्ही "दिवसाला" म्हणता. दिवस किती तासांचा? उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत शेततळी उरकायची घाई असते तेव्हा मशीन सकाळी सहाला सुरू होते आणि संध्याकाळी दिवे लागल्यावरही चालते. आठ तासांना चाळीस लिटर आणि दहा तासांना पन्नास लिटर हा एकच हिशेब आहे, तासाला पाच. या आकाराच्या बॅकहोला कामाच्या मगदुरानुसार तासाला साधारण चार ते सहा लिटर लागतंच. मऊ माती भरताना कमी, कठीण मुरूम किंवा कातळ फोडताना जास्त, ब्रेकर लावला तर आणखी. डंपर येईपर्यंत इंजिन सुरू ठेवून वाट बघितली तर तेही डिझेल मीटरच्या तासांत जातं. एअर फिल्टर मातीने कोंडला असेल तर धूर काळा होतो आणि डिझेल वाढतं. गळतीचा आणि चोरीचा विचार करण्याआधी मशीनवरचं तासांचं मीटर बघा. पत्रात त्याचा एकही आकडा नाही, आणि मेहुण्याबद्दलचं सगळं अनुमान त्या आकड्याशिवाय उभं आहे.

मोजायचं असं. रोज सकाळी त्याच सपाट जागेवर, इंजिन थंड असताना, टाकी त्याच खुणेपर्यंत भरा. काठोकाठ नको. आदल्या दिवशीचं मीटर आणि आजचं मीटर, भरलेले लिटर, काम काय होतं, एवढं वहीत लिहा. लिटरला तासांनी भागा. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, पाच-सहा दिवस बघा. तुम्ही चोरीला आळा म्हणून सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून देता, ते थांबवा. डिझेल तापलं की फुगतं. सव्वाशे लिटरच्या टाकीतलं डिझेल वीस अंशांनी तापलं तर जवळपास दोन लिटरने वाढतं. भरलेली मशीन काम सुरू होण्याआधी उन्हात उभी राहिली किंवा चढावर लावली, की ते झाकणाच्या हवेच्या भोकातून टाकीवरून ओघळतं. वर धूळ चिकटते आणि बघणाऱ्याला वाटतं टाकी फुटली.

तासाचा आकडा खरंच वाढलेला निघाला तर मग गळती शोधायची, आणि तीही मोजूनच. मशीनखालच्या डागाने दहा लिटरचा हिशेब लागणार नाही. डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल तरी आठ तासांत अर्धा ते पाऊण लिटर होतं. तुमची शंका पडताळायला ठिबकाखाली प्लास्टिकची बाटली धरा, दहा मिनिटांत किती जमतं ते औषधाच्या मापाने मोजा आणि तासांना गुणा. म्हणून कधीमधी दिसणाऱ्या डागावरून घाबरू नका, पण "चालतंच" म्हणून सोडूही नका. सील गेलं, क्लिप सैल झाली याची ती पहिली खूण असते आणि ती कधीच आपोआप बरी होत नाही.

मोठी गळती कुठे लपते ते सांगतो, कारण मशीन उभी असताना ती दिसत नाही. डिझेलच्या वाटेत तीन वेगवेगळे भाग आहेत आणि तिन्हींचं वागणं वेगळं आहे.

पहिला भाग टाकीपासून फीड पंपापर्यंतचा, ओढीचा. इथे भेग असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेर थेंब नसतो. रात्रभरात मात्र डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी प्रायमर मारल्याशिवाय मशीन घेत नाही. तुमचं सकाळचं दुखणं बहुधा हेच आहे, पण फीड पंपाचा व्हॉल्व्ह पकडत नसेल तरीही असंच होतं. वेगळं करायला सोपी युक्ती आहे. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन फीड पंपापेक्षा उंच ठेवा, नवी नळी टाकून त्यातून थेट फीड पंपाला डिझेल द्या. मशीन सकाळी लगेच सुरू झाली, तर दोष टाकी ते पंप यातल्या वाटेत: जुनी रबरी नळी, क्लिप, पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचं वॉशर. नाही झाली तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या पुढे. इंजेक्शन पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हा भाग आवळताना एक लक्षात ठेवा. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग बैठकीला चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते. दोन रिंगा एकावर एक झाल्या की हवा हमखास. फिल्टर हाताने आवळायचा असतो, पान्ह्याने नाही.

दुसरा भाग दाबाचा: फीड पंपापासून इंजेक्शन पंप, आणि तिथून नोझलला जाणारे लोखंडी पाइप. इथली गळती बाहेर दिसते, पण पंख्याच्या वाऱ्याने फवारा भलतीकडे उडतो आणि माणूस भलताच नट आवळत बसतो. म्हणून आधी धुवा. थंड इंजिन डिग्रीझरने साफ करा, वाळवा. वायरिंगच्या जोडण्यांवर प्रेशर वॉशर मारू नका. मग संशयाच्या जागी शंकरजिऱ्याची पूड किंवा साधी टाल्कम पावडर भुरभुरा. मशीन सुरू करा, थोडा वेळ चालवा, बंद करा आणि टॉर्चने बघा. पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. रेघेचं सगळ्यात वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. खाली जिथे थेंब लोंबतो ती जागा नव्हे.

नोझलचे पाइप बहुधा नटाजवळ तडकतात, कारण पाइपांना एकत्र धरणाऱ्या चिमट्या मागच्या कोणीतरी काढून टाकलेल्या असतात. चिमटी नसली की पाइप थरथरतो आणि मानेशी तुटतो. असा पाइप ब्रेझिंग करून आणू नका. तो बदलायचाच असतो, आणि चिमट्याही नव्या लावायच्या असतात. बँजो बोल्टच्या (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टच्या) जोडणीत दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. एकदा दाबले गेले की ते कडक होतात, परत तेच वापरले तर गळतात. काही मेकॅनिक ते लाल तापवून पाण्यात टाकून मऊ करतात. अडल्यावेळी ती युक्ती चालते, पण नवा वॉशर काही रुपयांना मिळतो. टेफ्लॉनची टेप डिझेलच्या जोडण्यांवर नको. तिचे तंतू सुटून पुढे नोझलमध्ये अडकतात. नट सोडताना-आवळताना दुसरा पान्हा खालच्या जोडणीला धरा, नाहीतर पाइपाला पीळ बसतो आणि नवी गळती तयार होते.

तिसरा भाग परतीचा, आणि तुमच्या दहा लिटरबाबत माझा पहिला संशय याच्यावर आहे. इंजेक्शन पंप लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल घेतो आणि उरलेलं परत टाकीत पाठवतो. नोझलमधून झिरपणारं डिझेलही याच वाटेने जातं. ही नळी कमी दाबाची असते म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. उन्हाने आणि इंजिनाच्या आचेने ती कडक होऊन तडकते, उभ्या मशीनमध्ये उंदीर ती कुरतडतात. इंजिन चालू असतानाच तिच्यातून डिझेल जातं, त्यामुळे मशीन थांबली की गळतीही थांबते. सकाळी खाली जमीन कोरडी. डिझेल पडतं ते शेतात, चालत्या मशीनखाली, मातीत मुरत. टाकीजवळ तुटली असेल तर लिटरने जाऊ शकतं. मेहुण्याला येणारा वास आठवा.

उभ्या आणि चालत्या गळतीचा फरक एका रात्रीत कळतो. संध्याकाळी टाकीत काठी बुडवून पातळीची खूण करा, मशीनखाली मोठा पुठ्ठा अंथरा, त्यावर पुढच्या चाकांच्या आणि चेंबरच्या जागा खडूने आखा. सकाळी पातळी तीच आणि पुठ्ठा कोरडा, तर टाकी, तिचा ड्रेन प्लग आणि वाटी निर्दोष आहेत. मग मशीन चालू ठेवून परतीच्या नळीवर हातभर अंतरावरून नजर फिरवा. नळी बदलताना डिझेलसाठीचीच, नायट्राइल रबराची घ्या. फवारणी पंपाची किंवा पाण्याची नळी डिझेलने फुगते आणि महिन्यात सुटते. क्लिप इतकीच आवळा की ती नळीत रुतणार नाही. टाकीच फुटलेली निघाली तर ती उतरवून, रिकामी करून, वाफ काढून, हे काम जाणणाऱ्याकडेच द्या. मशीनवर असताना वेल्डिंगची ठिणगी जवळसुद्धा आणू देऊ नका.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. गळती शोधताना नोझलच्या पाइपावरून हात फिरवायचा नाही. तुमच्यासारख्या जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनातही त्या पाइपात दोनशे बारच्या वर दाब जातो. 2021 च्या एप्रिलपासून बांधकाम यंत्रांना धुराच्या प्रदूषणाचे सीईव्ही बीएस-4 नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक लोडरमध्ये कॉमन रेल (सगळ्या नोझलना दाबाचं डिझेल पुरवणारी एकच जाड नळी) आहे आणि तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. केसाएवढ्या भेगेतून येणारा फवारा डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी फोडून डिझेल बोटाच्या आत शिरवतो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस चिंधी बांधून कामाला लागतो. आत मात्र डिझेल मांसात पसरत जातं, आणि उशीर झाला तर बोट, कधी हातसुद्धा कापावा लागतो. असं काही झालं, अगदी नुसती शंका आली, तरी त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. तिथे "दाबाचं डिझेल बोटात घुसलंय" असं स्पष्ट सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी परत येण्यासारखी ही जखम नाही. फवारा शोधायचा तर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो पाइपाजवळून फिरवा, ओला होईल तिथे गळती आहे. डोळ्यांवर चष्मा हवा. आवळायचं ते इंजिन बंद करून.

आगीचंही तसंच आहे. "डिझेल पेटत नाही" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. भारतीय मानकानुसार डिझेलचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, 35 अंशांच्या वर असला की झालं, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच चाळीस असतात. टर्बो आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड तर इतका तापतो की त्यावर पडलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेट घेतं. उसाच्या पाचटात किंवा वाळल्या गवतात मशीन उभी असेल तर पुढचं सांगायला नको. तपासताना विडी-काडी लांब, पुढची बकेट जमिनीला टेकलेली, मागचा हात खाली, हँडब्रेक लावलेला. केबिनमध्ये पावडरचा अग्निशामक ठेवा, आणि ऑपरेटरला तो एकदा हातात घेऊन वापरायला शिकवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नाही.

ज्यांच्याकडे नवीन कॉमन रेल मशीन आहे, त्या वाचकांनी ओढीचा आणि परतीचा भाग वर सांगितल्याप्रमाणे जरूर बघावा. रेलच्या आणि नोझलच्या नटाला मात्र हात लावू नये. जुन्या इंजिनात मिसफायर, म्हणजे कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते, शोधायला चालू मशीनवर नट सैल करून बघायची सवय मेकॅनिकांना आहे. तीच सवय कॉमन रेलवर जिवावर बेतते. ते काम कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडेच द्या.

राहिला मेहुणा. त्याने डिझेल घेतलं नसेलच असं मी इथे बसून सांगू शकत नाही. कुठल्याच मशीनवर, कुठल्याच नात्यात तशी हमी देता येत नाही. पण तुमच्याकडे आज असलेल्या खुणा बघा: सकाळचं उशिरा सुरू होणं, वाढलेलं ऑइल, डाग, वास. चारही मशीनकडे बोट दाखवतात, माणसाकडे एकही नाही. आणि वासाबद्दल त्याने स्वतःहून सांगितलं होतं. आठ-दहा तास त्या केबिनमध्ये बसणाऱ्याचं नाक हे गळती ओळखायचं तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं साधन आहे. त्या दिवशी त्याचं म्हणणं सबब म्हणून बाजूला ठेवलं गेलं. ज्याच्यावर संशय आहे तो माणूस पुढच्या वेळी काही सांगायलाच येत नाही. त्याला वाटतं, बोललो तर मीच अडकेन. असं झालं की मालकाला गळती कळते ती थेट इंजिन बसल्यावर. कॅमेरा लावलात तर टाकीचं झाकण दिसेल, परतीची नळी दिसणार नाही.

म्हणून ही सगळी तपासणी त्याच्याबरोबर करा, त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून करू नका. उद्या गेजपट्टी त्यालाच काढायला सांगा. "तू वास येतो म्हणाला होतास, ते बरोबर असावं, चल बघू," एवढं पुरे आहे. माफी मागायचा मोठा प्रसंग करायची गरज नाही. वहीत मीटर तो लिहील, भरलेले लिटर तुम्ही लिहा, खाली दोघांच्या सह्या. घरात बायकोलाही वही दाखवा. दोन बाजूंना भाऊ आणि नवरा असताना तिला तोंडी खुलाशांपेक्षा लिहिलेले आकडे जास्त उपयोगी पडतील. गळती सापडून दुरुस्त झाल्यावरही तासाचा आकडा सहाच्या वर राहिला, काम मऊ मातीचं असूनही, आणि धूर स्वच्छ असूनही, तर मग त्याच्याशी एकांतात स्पष्ट बोला. बोलताना पगाराचा विषय आधी काढा. उन्हाळ्यात तो दिवसाला दोन तास जास्त चालवत असेल, तर त्या जादा तासांचे पैसे ठरले आहेत का? बऱ्याच घरच्या मशीनवर ते ठरलेलेच नसतात, कारण माणूस घरचा असतो. तासाप्रमाणे भत्ता ठरला की मीटर नीट लिहिलं जातं आणि दोघांनाही ते पटतं.

कुलपाचं झाकण लावायला माझी हरकत नाही. रानात मुक्कामाला मशीन उभी असते तेव्हा रात्री कोणीही नळी टाकून डिझेल ओढू शकतं, त्याचा त्रास ऑपरेटरलाच जास्त होतो. चांगलं, हवेचं भोक असलेलं झाकण घ्या. भोक नसलेलं लावलं तर टाकीत पोकळी तयार होऊन इंजिन मध्येच बंद पडेल आणि नवाच शोध सुरू होईल. दोन किल्ल्या असतात. एक तुमच्याकडे ठेवा, दुसरी त्याच्याकडे द्या.